युद्ध बेकायदा ठरलं तो ऑगस्ट

कुठल्याही युद्धाची बातमी आली की टीव्हीवरच्या चर्चेत एक वाक्य हमखास येतं: "हा आंतरराष्ट्रीय कायद्याचा सरळ सरळ भंग आहे." ऐकणाऱ्याच्या मनात लगेच दोन प्रश्न उभे राहतात. असा कायदा आहे तरी कुठे? आणि असलाच, तर मोडणाऱ्याला पकडणार कोण? पहिल्या प्रश्नाचं उत्तर तारखेनिशी देता येतं: पॅरिस, २७ ऑगस्ट १९२८. दुसऱ्याचं उत्तर लांबतं, कारण ते मंचुरिया, न्यूरेंबर्ग आणि टोकियो करत थेट गोव्यापर्यंत येतं.

त्या महिन्याचं वर्तमानपत्र

ऑगस्ट १९२८ मध्ये पहिलं महायुद्ध संपून दहा वर्षं होत आली होती आणि जगाला जरा हुशारी वाटू लागली होती. ॲमस्टरडॅमचं ऑलिम्पिक १२ तारखेला संपलं. महायुद्धानंतर जर्मनीला तिथे पहिल्यांदाच प्रवेश मिळाला होता, आणि स्त्रियांच्या धावण्याच्या शर्यतीही ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदाच झाल्या. (भारताचं हॉकीतलं पहिलं सुवर्णपदक याच ऑलिम्पिकचं, पण हॉकीचे सामने मे महिन्यातच उरकले होते.) ११ ऑगस्टला कॅलिफोर्नियात हर्बर्ट हूव्हर यांनी राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी स्वीकारली आणि गरिबीवरच्या अंतिम विजयाच्या इतकं जवळ आजवर कुठलाही देश पोचला नव्हता, असं अमेरिकेबद्दल सांगून टाकलं. वॉल स्ट्रीट कोसळायला तेव्हा चौदा महिने उरले होते. तिकडे मॉस्कोत कम्युनिस्ट इंटरनॅशनलचं, म्हणजे जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांच्या संघटनेचं, सहावं अधिवेशन भरलं होतं. भांडवलशाहीचे बरे दिवस संपत आले, असं तिथले वक्ते सांगत होते. बेलग्रेडच्या संसदेत जूनमध्ये गोळ्या लागलेले क्रोएशियन नेते स्त्येपान रादिच ८ ऑगस्टला वारले.

मुंबई इलाख्यातही महिना गजबजलेलाच होता. बारडोलीत वाढीव शेतसाऱ्याविरुद्ध वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या सत्याग्रहापुढे सरकारने महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात नमतं घेतलं. मुंबईच्या गिरण्या एप्रिलपासून बंद होत्या आणि सुमारे दीड लाख कामगार संपावर होते. मोतीलाल नेहरूंच्या समितीचा अहवाल तयार झाला होता. ब्रिटिश साम्राज्यात राहून कॅनडा-ऑस्ट्रेलियासारखं स्वराज्य, म्हणजे वसाहतीचं स्वराज्य, भारताला मिळावं ही त्याची मागणी. त्यावर विचार करायला २८ ऑगस्टपासून लखनौला सर्वपक्षीय परिषद बसणार होती.

आणि बरोबर आदल्या दिवशी, २७ ला, पॅरिसमध्ये भारताच्या नावाने युद्ध बेकायदा ठरवणाऱ्या करारावर, म्हणजे पॅरिस करारावर, सही झाली.

सोन्याचं पेन आणि पंधरा देश

फ्रान्सच्या परराष्ट्र खात्याच्या घड्याळाच्या दालनात त्या दिवशी पंधरा देशांचे प्रतिनिधी जमले. यजमान होते फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री आरिस्तीद ब्रियाँ. अमेरिकेहून परराष्ट्रमंत्री फ्रँक केलॉग आले होते. जर्मनीचे गुस्ताव स्ट्रेझमन प्रकृती ढासळलेली असूनही आले. त्यांनी पॅरिसमध्ये पाहुणा म्हणून येणं हीच त्या काळी मोठी बातमी होती. ल आव्र शहराने केलॉगना भेट दिलेल्या सोन्याच्या पेनाने सह्या झाल्या. 'शांतता हवी असेल तर युद्धाची तयारी ठेव' हे लॅटिन वचन फिरवून 'शांतता हवी असेल तर शांततेची तयारी ठेव' असं त्या पेनावर कोरलं होतं.

करार एवढा उदात्त असला तरी त्याचा जन्म साध्या राजकारणातून झाला. जर्मनी पुन्हा उठला तर काय, ही फ्रान्सची धास्ती. म्हणून एप्रिल १९२७ मध्ये ब्रियाँ यांनी अमेरिकेला सुचवलं की आपण दोघे एकमेकांशी कधीही युद्ध न करण्याचं वचन देऊ. वरवर निरुपद्रवी वाटणाऱ्या या प्रस्तावातली खोच केलॉगना दिसली. असं वचन दिलं, की फ्रान्स कुणाशीही लढला तरी अमेरिकेचे हात बांधलेले राहणार, म्हणजे जवळजवळ मैत्रीचा तहच. नाही म्हणावं तर अमेरिकेतल्या शांततावाद्यांचा रोष. 'युद्ध बेकायदा करा' अशी मोहीम शिकागोचे वकील सामन लेव्हिन्सन कित्येक वर्षं चालवत होते आणि तिला चांगलंच बळ आलं होतं. डिसेंबर १९२७ मध्ये केलॉगनी डाव उलटवला: दोघांतच कशाला, सगळ्या जगाने मिळून असं वचन देऊ या! आता ब्रियाँना नाही म्हणता येईना. शांततेचं नोबेल आधीच मिळालेला माणूस शांततेला विरोध कसा करणार? मला तरी या कराराचा हा भाग सगळ्यात गमतीचा वाटतो. एकमेकांना टाळता टाळता दोघांनी अख्ख्या जगाला एका वचनात गुंतवलं.

म्हणजे त्याआधी युद्ध कायदेशीर होतं?

होय, आणि हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढचं काहीच उलगडत नाही.

१९०७ च्या हेग करारांनी युद्ध कसं करावं याचे नियम घातले होते: कैद्यांना कसं वागवायचं, कुठली शस्त्रं वापरायची नाहीत. युद्ध करावं की करू नये, याबद्दल नियम जवळपास नव्हताच. महायुद्धानंतर स्थापन झालेल्या राष्ट्रसंघाच्या सनदेतही बंदी नव्हती, मुदत होती. तंटा लवादाकडे न्यायचा, निवाडा आल्यावर तीन महिने थांबायचं, आणि त्यानंतरही काही प्रसंगी लढायची मुभा होतीच.

मुख्य म्हणजे युद्ध जिंकून घेतलेला मुलूख जिंकणाऱ्याच्या मालकीचा होत असे, आणि इतर देश ती मालकी मान्य करत. एखाद्याने लाठ्याकाठ्या घेऊन शेजाऱ्याला शेतातून हुसकावलं आणि तलाठ्याने दुसऱ्या दिवशी निमूटपणे फेरफार करून सातबाऱ्यावर त्याचं नाव चढवलं, तर कसं होईल? जगाचा व्यवहार नेमका असाच होता. १८४८ मध्ये मेक्सिकोचा जवळपास अर्धा मुलूख अमेरिकेच्या सातबाऱ्यावर चढला तो याच रीतीने. दडपणाखाली घेतलेली सहीदेखील चालत असे. १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने वसईच्या तहावर कोणत्या परिस्थितीत सही केली ते मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि बाजीराव आठ लाखांच्या तनख्यावर बिठूरला गेला, तेव्हा पुण्यावरची इंग्रजांची मालकी त्या काळच्या कायद्याने पक्की झाली. तक्रार करायला कचेरीच नव्हती.

करारात नेमकं काय होतं

अगदी थोडं. पहिल्या कलमात सह्या करणाऱ्यांनी आंतरराष्ट्रीय तंटे सोडवण्यासाठी युद्धाचा आधार घेण्याचा निषेध केला आणि राष्ट्रीय धोरणाचं साधन म्हणून युद्धाचा त्याग केला. दुसऱ्यात म्हटलं की कुठलाही तंटा शांततेच्या मार्गाखेरीज सोडवायचा नाही. तिसरं कलम मान्यतेच्या कामकाजाचं. संपलं. मोडणाऱ्याला शिक्षा नाही, पोलीस नाही, न्यायालय नाही.

मोठाल्या पळवाटा कराराच्या बाहेर, देशांनी एकमेकांना धाडलेल्या पत्रांत होत्या. केलॉग यांनी जून १९२८ मध्ये स्पष्ट केलं की स्वसंरक्षणाचा हक्क प्रत्येक देशाला आहेच, आणि स्वसंरक्षणासाठी युद्ध करण्याची वेळ आली की नाही हे तो देशच ठरवणार. म्हणजे आरोपीच न्यायाधीश. ब्रिटनने मे महिन्यातच कळवलं होतं की जगातल्या काही प्रदेशांत आमचे खास हितसंबंध आहेत आणि तिथे आम्ही आमचे हात बांधून घेणार नाही. कुठले प्रदेश, ते लिहिलं नाही.

जपानची अडचण तर अगदीच निराळी. सह्या 'आपापल्या जनतेच्या नावाने' होत होत्या, आणि जपानी राज्यघटनेत सत्ता सम्राटाची! टोकियोत यावरून मोठं वादळ उठलं आणि शेवटी ते शब्द आम्हाला लागू नाहीत असं जाहीर करून जपानने करार मान्य केला.

अमेरिकन सिनेटने जानेवारी १९२९ मध्ये करार ८५ विरुद्ध १ मतांनी संमत केला. त्याच्या बाजूने मत देणारे सिनेटर कार्टर ग्लास म्हणाले की, याची किंमत टपालाच्या तिकिटाइतकी आहे असं समजण्याएवढा मी भोळा नाही. मग त्याच सिनेटने लगोलग पंधरा नव्या युद्धनौकांना मंजुरी दिली. २४ जुलै १९२९ ला करार अमलात आला आणि पुढे साठाहून अधिक देश त्यात सामील झाले.

भारताची सही कोणाची?

पंधरा देशांच्या यादीत 'भारत' हे नाव स्वतंत्रपणे आहे. कॅनडाची सही पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांनी केली, आयर्लंडची कॉसग्रेव्ह यांनी. ब्रिटनतर्फे हंगामी परराष्ट्रमंत्री लॉर्ड कुशेंडन यांनी सही केली, कारण ऑस्टिन चेंबरलेन आजारी होते. आणि भारतातर्फे? पुन्हा लॉर्ड कुशेंडनच.

भारताचं नाव मुळात आलं कसं, हाही प्रश्न पडेल. पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक हिंदी शिपाई समुद्रापार गेले होते आणि सुमारे ७४ हजार मेले. त्या मोबदल्यात भारताला १९१९ च्या व्हर्सायच्या तहावर वेगळी सही (भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह) आणि राष्ट्रसंघाचं सदस्यत्व मिळालं. म्हणून १९२८ च्या यादीत नाव आलं. सही मात्र ज्याच्या ताब्यात देश होता त्याची.

इथे त्या सातबाऱ्याकडे परत जावं लागतं. ज्यांनी दोन-तीनशे वर्षांत जगभर जमिनी बळकावल्या, त्यांनीच १९२८ मध्ये एकत्र बसून ठरवलं की यापुढे अतिक्रमण बंद. आधीची अतिक्रमणं? ती नियमित झाली. करारात असं कुठे लिहिलेलं नाही, पण लिहायची गरजही नव्हती. यापुढे नकाशा बळाने बदलायचा नाही असं म्हटलं, की आजचा नकाशा आपोआप कायम होतो. लखनौला दुसऱ्या दिवशी जमलेली मंडळी नेमक्या त्याच नकाशाबद्दल बोलणार होती. जवाहरलाल आणि सुभाषबाबूंना तर वसाहतीचं स्वराज्यही अपुरं वाटत होतं.

करार भाबडा होता, असं बहुतेक पाठ्यपुस्तकं म्हणतात. मला ते पटत नाही. तो चांगला व्यवहारी होता. फक्त व्यवहार कुणाच्या फायद्याचा, ते पाहायला हवं.

"तीन वर्षांत मोडला, मग उपयोग काय?"

हा आक्षेप सगळ्यात जुना. १८ सप्टेंबर १९३१ ला जपानी सैन्याने चीनच्या मंचुरिया प्रांतात मुकदेनजवळ आपल्याच रेल्वेमार्गावर स्फोट घडवून चीनवर आळ घेतला आणि मंचुरिया गिळला. १९३५ मध्ये इटलीचा मुसोलिनी अबिसिनियात, म्हणजे आजच्या इथिओपियात, घुसला. १९३९ मध्ये जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. हल्ला करणारे तिन्ही देश पॅरिसच्या त्या दालनात हजर होते.

पण दोन गोष्टी बघा. जपानने मंचुरियातल्या लढाईला युद्ध म्हटलंच नाही, 'घटना' म्हटलं. चीनशी १९३७ मध्ये सर्वंकष लढाई पेटली तेव्हाही ती 'घटना'च. नियम अस्तित्वात आहे हे मोडणाऱ्यालाही ठाऊक असल्याखेरीज असली लपवाछपवी कोणी करत नाही. १८१८ मध्ये इंग्रजांना असं नाव शोधावं लागलं नव्हतं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. जानेवारी १९३२ मध्ये केलॉग यांच्यानंतरचे अमेरिकन परराष्ट्रमंत्री हेन्री स्टिमसन यांनी जाहीर केलं की पॅरिस कराराचा भंग करून झालेला कुठलाही बदल अमेरिका मान्य करणार नाही. शेत तुझ्या ताब्यात असेल, पण फेरफार होणार नाही. त्या क्षणी चीनला याचा काडीचाही उपयोग झाला नाही, हे खरं. पण बाल्टिक देशांचं उदाहरण घ्या. सोव्हिएत संघाने १९४० मध्ये लिथुआनिया, लातव्हिया, एस्टोनिया गिळले. अमेरिकेने ती मालकी मान्य केली नाही, आणि ही भूमिका पन्नास वर्षं धरून ठेवली. १९९१ मध्ये तिन्ही देश पुन्हा उभे राहिले तेव्हा ते नवे देश म्हणून आले नाहीत, आपला थांबलेला कारभार पुढे चालू करायला आले.

सगळीकडे असं झालं नाही, हेही सांगायला हवं. जर्मनीच्या पूर्व प्रशियातलं क्योनिग्सबर्ग कॅलिनिनग्राड झालं आणि रशियाकडेच राहिलं. जिंकणारा पुरेसा बलवान असला की तलाठीही कधी कधी मान खाली घालून नोंद करतो.

"शिक्षाच लिहिली नव्हती, मग फाशी कशी दिली?"

१९४६ च्या न्यूरेंबर्ग निकालात नाझी नेत्यांवरचा एक मुख्य आरोप होता शांततेविरुद्धचा गुन्हा, म्हणजे आक्रमक युद्धाचा कट करणं आणि ते छेडणं. बचावाच्या वकिलांनी विचारलं, हा गुन्हा होता असं आधी कुठल्या कायद्यात लिहिलंय? न्यायालयाने पॅरिस कराराकडे बोट दाखवलं. शिक्षा लिहिलेली नाही हे मान्य, पण हेग करारांतही ती नव्हती आणि तरी ते मोडणाऱ्यांना शिक्षा झाल्या आहेत, असं उत्तर दिलं.

जपानी नेत्यांवर टोकियोत चाललेल्या खटल्यात या युक्तिवादाला सगळ्यात कडक उत्तर एका भारतीयाने दिलं. कलकत्त्याचे न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवणारा वेगळा निकाल लिहिला. स्वसंरक्षण कशाला म्हणायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं असेल तर त्या कराराने युद्ध बेकायदा ठरत नाही, हा त्यांचा मुद्दा. दुसऱ्याच्या अंमलाखाली असलेल्या राष्ट्राने केवळ शांततेच्या नावाखाली कायमचं तसंच पडून राहावं, अशी अपेक्षा करता येणार नाही, असंही त्यांनी बजावलं. जपानच्या अत्याचारांवर पाल यांनी पांघरूण घातलं नव्हतं. त्यांचं भांडण कायदा लिहिणाऱ्यांशी होतं. निकाल मला जसाच्या तसा पटत नाही. पण अतिक्रमणं नियमित करणाऱ्यांना कचेरीत बसून कोणीतरी हे ऐकवायलाच हवं होतं.

आजचा कायदा तिथूनच आला

१९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने जुन्या करारातली भोकं बुजवायचा प्रयत्न केला. 'युद्ध' हा शब्द टाळून 'बळाचा वापर किंवा धमकी' यावरच बंदी घातली, म्हणजे 'घटना' म्हणून सुटका नको. स्वसंरक्षणाचा हक्क राहिला, पण सशस्त्र हल्ला झाल्यावरच, आणि सुरक्षा परिषदेला कळवून. कारवाईचे अधिकार परिषदेला दिले. मग पाच बड्यांना नकाराधिकार देऊन नवं भोक पाडलं.

२०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि त्याला 'विशेष लष्करी कारवाई' म्हटलं. जपानच्या 'घटने'ची आठवण करून देणारं हे नाव. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १४१ देशांनी निषेधाच्या बाजूने मत दिलं, भारत तटस्थ राहिला. रशिया थांबला नाही. १९९० मध्ये कुवेत गिळणाऱ्या इराकला मात्र सात महिन्यांत माघारी जावं लागलं. फरक कायद्याच्या कलमांत नव्हता, समोर कोण आहे यात होता.

आणि गोवा?

हा प्रश्न आपल्याला टाळता येणार नाही. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरलं. चौदा वर्षं वाटाघाटींची दारं ठोठावून झाली होती आणि पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार गोव्याला वसाहत म्हणायलाही तयार नव्हता. तो पोर्तुगालचाच प्रांत आहे म्हणायचा. १८ डिसेंबरला सुरक्षा परिषद बसली. अमेरिकेचे ॲडलाय स्टीव्हन्सन म्हणाले की सनदेतला बळबंदीचा नियमच इथे मोडला जातोय, आणि या नाटकाचा शेवट संयुक्त राष्ट्रांच्या मृत्यूत होऊ शकतो.

भारताचे प्रतिनिधी सी. एस. झा यांचा बचाव पाल यांच्या विचाराच्या जवळ जाणारा होता. पोर्तुगालने हा मुलूख १५१० मध्ये बळाने घेतला, त्यावर त्याचा कायदेशीर हक्क कधी नव्हताच, त्यामुळे इथे सीमाही नाही आणि आक्रमणही नाही. वर्षभर आधी आमसभेने वसाहतवाद संपवण्याचा ठरावही केलाच होता.

कायद्याच्या काटेकोर दृष्टीने हा युक्तिवाद अवघड आहे. १५१० ची गोष्ट १५१० च्या नियमांनी पाहायची म्हटलं तर मालकी पोर्तुगालची. तीच आजच्या नियमाने पाहायची म्हटलं, तर जगातल्या निम्म्या सीमा उकरून काढाव्या लागतील. पण दुसऱ्या बाजूला, ज्यांच्या जमिनीवर अतिक्रमण झालं त्यांना न विचारता ते नियमित झालं होतं, हेही तितकंच खरं. हा वाद १९२८ मध्ये मिटवला गेला नव्हता, पुढे ढकलला गेला होता. तो आपल्या दारात येऊन फुटला.

सैन्य माघारी घ्या, हा ठराव ७ विरुद्ध ४ मतांनी पुढे गेला असता, पण सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरला. ब्रिटन, फ्रान्स, अमेरिका ठरावाच्या बाजूने; सिलोन, लायबेरिया आणि इजिप्तचं संयुक्त अरब प्रजासत्ताक भारताच्या बाजूने. पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं ते डिसेंबर १९७४ मध्ये, लिस्बनमधली हुकूमशाही कोसळल्यावर. तोवर तेरा वर्षं कब्जा आपला होता, आणि लिस्बनच्या दप्तरी नाव जुनंच होतं.